ड्रोन शिकायचाय? आधी छातीच्या उंचीवर शिका

लग्नात, यात्रेत, बैलगाडी शर्यतीत सगळीकडं आता ड्रोन दिसायला लागलेत, त्यामुळं "मला पण घ्यायचाय, कुठला घेऊ" असं विचारणारी पोरं सांगली-मिरजेत भरपूर भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो कॅमेरा कसा हाय आणि किती लांब जातो. माझं म्हणणं असंय की पहिल्या ड्रोनमध्ये हे दोन्ही बघूच नका. उडवणं बोटात बसतंय ते जवळ आणि खाली उडवून. उंच गेलेला ड्रोन ठिपक्याएवढा दिसतो, त्याचं तोंड कुठं हाय तेच कळत नाही, मग त्यातून हात काय शिकणार?

म्हणून सुरुवातीला तळहाताएवढा, पात्यांना गोल गार्ड असलेला, बिनकॅमेऱ्याचा छोटा क्वाडकॉप्टर म्हणजे चार पात्यांचा ड्रोन घ्या. वजन कमी असल्यामुळं तो पडला तरी सहसा काही होत नाही, भिंतीला धडकला तरी पातं जातंय, ते बदललं की झालं. घेताना तीन गोष्टी बघा, जादा बॅटऱ्या मिळतात का, जादा पाती मिळतात का आणि मोटर सुटी मिळते का. स्वस्तातल्या ड्रोनमध्ये ब्रश मोटर असते, म्हणजे आत घासणारे ब्रश असलेली साधी मोटर, ती वापरून झिजतेच, त्यात खराबी काही नाही, पण सुटी मिळत नसेल तर अख्खा ड्रोन कपाटात जातो. बाहेरून तयार ड्रोन मागवायच्या भानगडीत पडू नका, फेब्रुवारी 2022 पासून सरकारनं तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातलीय, सुटे पार्ट मात्र येतात.

आता तो उडतो कसा ते आधी समजून घ्या, कारण निम्मे प्रॉब्लेम इथंच सुटतात. चार मोटरपैकी समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या दोन एका दिशेनं फिरतात आणि उरलेल्या दोन उलट्या दिशेनं. सगळ्या एकाच दिशेनं फिरल्या असत्या तर ड्रोन स्वतःच गरगरला असता. त्यामुळं पाती पण दोन प्रकारची असतात, त्यावर बारीक अक्षरात ए, बी असं काहीतरी लिहिलेलं असतं. पातं बदलताना चुकीचं बसवलं की थ्रॉटल (वर उचलायचा जोर) देताक्षणी ड्रोन जागेवरच उलटा होतो आणि लोक म्हणतात पीस खराब आला. खराब नसतो, पाती बघा आधी.

रिमोटवर दोन स्टिक. आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक रिमोटमध्ये डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल म्हणजे उंची, डावी-उजवी केली की यॉ म्हणजे ड्रोन जागेवर तोंड फिरवतो. उजवी स्टिक पुढं-मागं पिच, डावी-उजवी रोल, म्हणजे ड्रोन त्या बाजूला कलतो आणि सरकतो. ज्यात उंची आपोआप धरायची सोय असते त्यात डावी स्टिक मधोमध सोडली की ड्रोन आहे त्या उंचीवर थांबतो. नवख्याला हे बरं पडतंय. पण हेडलेस मोड म्हणून एक बटण असतं, त्यात तोंड कुठंही असलं तरी पुढं म्हणजे पुढंच जातो, ते बटण शिकताना अजिबात दाबू नका. आज सोपं वाटतंय, पण तोंडाचा हिशोब डोक्यात बसायचा राहतो आणि पुढं मोठा ड्रोन हातात आला की तिथं अडकता.

पहिल्या दिवशी सपाट फरशीवर ठेवा, शेपटी तुमच्याकडं, तोंड पलीकडं. रिमोट आधी चालू करायचा, ड्रोन नंतर, बंद करताना उलटं, आधी ड्रोन मग रिमोट (तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात वेगळं लिहिलं असेल तर तसं करा). चालू झाल्यावर दोन-चार सेकंद त्याला हलवू नका, आतला जायरो (वळणं-कलणं ओळखणारा सेन्सर) तेवढ्यात सपाट म्हणजे काय ते ठरवत असतो, हातात धरून चालू केला तर नंतर एका बाजूला वाहत जातो. मग थ्रॉटल द्या आणि घाबरत घाबरत वीतभर उचलू नका, जमिनीजवळ पात्यांची हवा खाली आपटून परत येते आणि ड्रोन तिथं जास्तच डुलतो. सरळ छातीच्या उंचीवर न्या, तिथं तो शांत होतो. एकाच बाजूला सरकत असेल तर ट्रिमचं बटण (आपोआप सरकणं दुरुस्त करायचं छोटं बटण) उलट्या बाजूला एकेक टिक दाबा.

आणि एक सवय पहिल्यापासून लावून घ्या. ड्रोन कशाला अडकला, पडला, आपटला की सगळ्यात आधी थ्रॉटल शून्य, किंवा इमर्जन्सी स्टॉपचं बटण असेल तर ते. पातं पडद्यात नाहीतर गवतात अडकलेलं असताना मोटर चालू राहिली की मोटर जळते. पडल्यामुळं जेवढ्या मोटर जातात त्यापेक्षा ह्यानं जास्त जातात.

सराव असा करा. शेपटी तुमच्याकडं ठेवून एका जागी थांबवायचा, बॅटरीचा दिवा लुकलुकेपर्यंत फक्त हेच. छोट्या ड्रोनची एक बॅटरी 5-7 मिनिटं चालते, त्यामुळं कंटाळा यायच्या आत उतरवायला लागतोच. ते जमलं की तोंड डावीकडं करून थांबवायचा, मग उजवीकडं. मग चौकोन, पण प्रत्येक कोपऱ्यावर तोंड वळवून. मग इंग्रजी आठचा आकडा. आणि शेवटी तोंड तुमच्याकडं करून थांबवायचा. हे खरं अवघड काम, कारण आता त्याचा उजवा म्हणजे तुमचा डावा. तो डावीकडं जायला लागला की बोट आपोआप उजवीकडं जातंय आणि ड्रोन अजून जोरात डावीकडं पळतो. ह्यावर जुने लोक एक युक्ती सांगतात ती खरंच कामाची हाय: तोंड तुमच्याकडं असताना ड्रोन ज्या बाजूला कलतोय त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू खालून टेकू देताय. विचार न करता हे व्हायला लागलं की तुम्हाला उडवता येतंय असं समजा. बरेच जण हा भाग सोडून थेट बाहेर जातात, आणि ड्रोन घराकडं परत आणताना नेमकं तोंड स्वतःकडं असतंय, तिथंच पडतात.

उतरवताना सरळ खाली धपकन आणू नका. आपल्याच पात्यांनी खाली ढकललेल्या हवेत ड्रोन उतरला की डळमळतो आणि कधी कधी थ्रॉटल देऊनही खालीच जातो. हळू आणा आणि थोडा पुढं सरकवत आणा.

बाहेर उडवायचं तर आपल्याकडं सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मार्च ते मे दुपारी माळावर वावटळी उठतात, जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा थांबत नाही, तेव्हा छोटा ड्रोन घरातच बरा. वारा थोडा असला तर पहिल्यांदा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला न्या, म्हणजे परत येताना वारा मदत करतो. उलटं केलं तर बॅटरी संपत आलेली आणि समोर वारा. जागा म्हणाल तर पीक काढलेलं रान, गवत असलेलं मैदान, मालकाला विचारून. कॉलेजच्या ग्राउंडवर सकाळी फिरायला येणारी माणसं असतात, पोरं खेळत असतात, तिथं नको. घार घिरट्या घालायला लागली तर ड्रोन खाली घ्या.

ऊस हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका, हे बाहेरचं कुणी सांगणार नाही. उभ्या उसात ड्रोन पडला की चार फुटांवरून पण दिसत नाही. पडला की लगेच पळू नका, थ्रॉटल शून्य करा, जिथं उभे हाय तिथूनच पलीकडचं झाड किंवा विजेचा खांब नजरेत धरा, एकाला त्या जागेवर उभा करून हात दाखवायला सांगा आणि दुसऱ्यानं त्या रेषेत सरीतून सरळ आत जायचं. पायात बूट घाला, हातात काठी घ्या, घोणस असते. द्राक्षबागेच्या वर तर नेऊच नका, तासगाव-मिरज भागात मंडपाच्या तारा आणि जाळ्या असतात, ड्रोन जातोच, पण कुणाचं वर्षाचं पीक खाली असतंय.

बॅटरीबद्दल थोडं कडक बोलतो. ह्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या. एका सेलला 3.7 व्होल्ट लिहिलेलं असतं, फुल चार्जला 4.2, आणि 3.5 च्या खाली नेऊ नये. दिवा लुकलुकायला लागला की उतरवायचं, "अजून एक चक्कर" नाही. उडवून आणल्यावर गरम असताना चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, पेट घेते. महिनाभर उडवणार नसाल तर साधारण निम्म्या चार्जवर ठेवा आणि मे महिन्यात गाडीत विसरू नका.

नियम पण बघून घ्या. ड्रोन नियम 2021 प्रमाणं 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोला पण हौसेपुरतं उडवताना लागत नाही, पण मायक्रो घेऊन पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करणार असाल तर लागतंय. नोंदणीचं काय ते घेण्याआधीच सरकारी पोर्टलवर तपासा. डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे झोन हायत, हिरव्यात सुद्धा 400 फुटांच्या वर नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर, गणपती मंदिराजवळ, गर्दीवर, कुणाच्या गच्चीवर नेऊ नका, आणि रात्री तर गावात नकोच, लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं रास्त हाय. नदीला पूर आला की व्हिडिओसाठी ड्रोन काढायचा नाही. 2019 ला आपण बघितलंय, अशा वेळी बचावाचं हेलिकॉप्टर कधीही येऊ शकतं.

आठचा आकडा आणि तोंड-समोर थांबवणं दोन्ही जमलं की मग जीपीएसवाला घ्या. तो उडवायच्या आधी सॅटेलाइट पकडेपर्यंत थांबा, तोवर घरची जागा, म्हणजे जिथून उडाला आणि जिथं आपोआप परत यायचंय ती जागा, त्याला कळलेली नसते. कंपास बिघडू नये म्हणून सळईच्या स्लॅबवरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून उडवू नका. आणि आपोआप परत यायची उंची आसपासच्या नारळाच्या झाडापेक्षा आणि हायटेन्शनच्या तारेपेक्षा जास्त लावून मगच थ्रॉटल द्या.