बरोक कॉन्चेर्तो ऐकताना या चुका टाळा

कॉन्चेर्तो म्हटले की एक वादक पुढे आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्या साथीला, असे चित्र मनात पक्के बसलेले असते आणि निम्म्या चुका तेथूनच सुरू होतात. युरोपीय संगीताच्या बरोक काळात (साधारण १६०० ते १७५०) एकल कॉन्चेर्तो होताच. पण इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या मृत्यूनंतर, १७१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा कॉन्चेर्तो ग्रोस्सींत दोन व्हायोलिन आणि एक चेलो असा छोटा गट मोठ्या गटाशी संवाद करतो. जर्मन संगीतकार बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोत तर तीन व्हायोलिन, तीन व्हिओला आणि तीन चेलो असून त्यांत कायमचा नायक कोणीच नाही. म्हणून ‘एकल वादक कोण?’ हा प्रश्न आधी विचारू नये. कोण कोणासमोर उभा आहे, हे ऐकावे.

सर्वांत मोठी चूक रितोर्नेल्लोबाबत होते. सगळा वाद्यवृंद वाजवतो ती परतून येणारी धून म्हणजे रितोर्नेल्लो, एवढी व्याख्या पाठ झाली की आपण ती सुरुवातीसारखीच आणि पूर्ण परत येईल अशी वाट पाहत बसतो, आणि ती आली तरी ओळखत नाही. बंदिशीच्या मुखड्याची उपमा येथे सहज सुचते, पण ती अर्धीच लागू पडते, कारण मुखडा ज्या स्वरांवर सुरू झाला त्याच स्वरांवर परततो, तर रितोर्नेल्लो पट्टी बदलून आणि बहुधा तुकड्यातुकड्याने येतो. इटालियन संगीतकार विवाल्दीच्या ‘वसंत’ या १७२५ मध्ये छापलेल्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग यासाठी घ्यावा. सुरुवातीला दोन ओळी आहेत. प्रत्येक ओळ एकदा मोठ्याने आणि लगेच हळू वाजते. पुढे परत येते ती बहुतेक दुसरी ओळच: वाद्यांनी रंगवलेल्या पक्ष्यांच्या किलबिलाटानंतर ई मेजर या मूळ पट्टीत, झऱ्यानंतर बी मेजरमध्ये आणि वादळानंतर सी शार्प मायनरमध्ये. ही तीन ठिकाणे कागदावर मांडली की रचनेचा सांगाडा हाती येतो.

मोठा-हळू हा फरक ऐकताना आणखी एक घोटाळा होतो. आवाज हळूहळू चढत जावा अशी आपल्याला एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक संगीतामुळे सवय लागलेली असते. येथे मात्र तो बहुतेक वेळा पायऱ्यांनी बदलतो, कारण सगळे वाजवू लागले की तो वाढतो आणि थोडेच उरले की उतरतो. अर्थात वादक त्या काळीही आवाज कमी-जास्त करत असत, तेव्हा ‘पायऱ्या’ हा अपवाद नसलेला नियम समजू नये.

बासो कंतिनुओ, म्हणजे चेलोसारखे खालचे वाद्य आणि हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य) यांनी मिळून धरलेला अखंड पाया, ही पार्श्वभूमी समजून सोडून देणे ही पुढची चूक. हार्पसिकॉर्डवादकाच्या हाती फक्त खालचे स्वर आणि त्यांच्यासोबत लिहिलेले आकडे असत. वरचे स्वरमेळ तो त्यांवरून स्वतः भरून काढी. पाया नीट ऐकला, तरच तो काढून घेतल्यावर काय होते ते कळते. ‘वसंत’च्या दुसऱ्या भागात खालचे वाद्य गप्प असते; व्हायोलिनच्या सुरांतून झोपलेला धनगर उभा राहतो, आणि व्हिओलाच्या सुरांतून सतत मोठ्याने भुंकणारा त्याचा कुत्रा.

पाचव्या ब्रांडेनबुर्गमध्ये विद्यार्थी फसतात ते हार्पसिकॉर्डपाशीच. बासरी आणि व्हायोलिन एवढेच एकल वादक लिहून ते मोकळे होतात, कारण हार्पसिकॉर्ड म्हणजे साथ हे त्यांनी गृहीत धरलेले असते. सगळे वाजवत असताना हार्पसिकॉर्डवादक साथच करतो हे खरे. पण एकल भागांत त्याचा उजवा हात बासरीशी बरोबरी करतो, आणि पहिल्या भागाच्या शेवटाजवळ बाकी सगळे थांबून तो एकटाच तब्बल ६५ मात्राखंड (बार) वाजवतो. हा भाग आयत्या वेळी सुचलेला नव्हे, बाखने तो स्वरन् स्वर लिहून ठेवला आहे. सुरुवातीचा पूर्ण रितोर्नेल्लो, जो मधल्या काळात तुकड्यांनीच डोकावत होता, तो त्यानंतरच अखंड ऐकू येतो.