मासेमारीची गोष्ट वाचताना आधी बघा, गळ आहे का जाळं

कोळ्यांची कादंबरी हातात घेतली की बरेच जण लगेच मासा कशाचं प्रतीक आहे ते शोधत बसतात, पहिल्या वाचनात तरी ते नको. आधी एवढंच बघा की मासा गळाने धरतायत का जाळ्याने, बरीचशी गोष्ट तिथेच कळते.

गळ असेल तर बहुतेक वेळा एक माणूस, एक मासा आणि मधे दोरी. मग हातांकडे लक्ष ठेवा. हेमिंग्वेच्या १९५२ च्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'मधे (पुलंचा अनुवाद 'एका कोळियाने', जरूर वाचा) ८४ दिवस रिकाम्या हाताने परतलेला सांतियागो ८५ व्या दिवशी खूप लांब जातो, प्रचंड मासा लागतो, आणि दोरी पाठीवरून धरलेली असतानाच डाव्या हातात पेटका येऊन हात आखडतो. म्हातारा त्या हातावर चिडतो, मग त्याचीच विचारपूस करतो, त्याच्यासाठी म्हणून कच्चा मासा चावून खातो. ही पानं सावकाश वाचा, मला तरी अख्ख्या पुस्तकात हीच सगळ्यात जवळची वाटतात.

जाळं असेल तर प्रश्न वेगळे, नाव कुणाची, पैसे कुणाचे, वाटा कुणाला किती. माणिक बंद्योपाध्यायांच्या 'पद्मा नदीर माझी' या बंगाली कादंबरीत (१९३६) कुबेर रात्र रात्र जागून इलिश मासे पकडतो पण नाव आणि जाळं धनंजयचं. मल्याळम लेखक तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन'मधे (१९५६) चेंबनकुंजू नाव-जाळ्यासाठी परीकुट्टीकडून पैसे घेतो आणि परत करत नाही, आणि चेंबनकुंजूच्या मुलीचा, करुत्तम्माचा जीव जडलाय तो याच परीकुट्टीवर! म्हणून पैसा हातातून हातात गेला की त्या ओळीशेजारी पेन्सिलने खूण करत जा, प्रेमकथा कुठे अडकलीये ते आपोआप दिसायला लागतं.

अजून एक, पाण्याला काय म्हणतात ते टिपा. 'चेम्मीन'मधे समुद्र म्हणजे कडलम्मा, आई. सांतियागो समुद्राला बाईमाणूस समजून स्पॅनिशमधे 'ला मार' म्हणतो, मोटरबोटवाली तरुण पोरं पुल्लिंगी 'एल मार'.

प्रतीकांचं दुसऱ्या वाचनात बघा, तेव्हा सांतियागोच्या गोष्टीचं शेवटचं पान नीट वाचा, १८ फुटी माशाचा नुसता सांगाडा उरलाय आणि एक पर्यटक बाई त्यालाच शार्क समजते.