विहिरीबद्दल आधी विचारा

न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या एका मोफत कायदा केंद्रात मी शनिवारी जबान्या टाइप करते. सल्ला वकील देतात, माझं काम ऐकून लिहिण्याचं. समोर किरिबाटी-तुवालू या पॅसिफिकमधल्या बेट-देशांची माणसं असतात, समुद्र घरात शिरतोय म्हणून इथेच राहू द्या म्हणणारी. या कामात नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

पहिल्याच भेटीत पासपोर्ट मागून व्हिसाची तारीख बघा, चहा नंतर. परत पाठवू नये म्हणून मानवतेच्या आधारावर अपील करायला व्हिसा संपल्यापासून ४२ दिवसच मिळतात.

‘हवामान निर्वासित’ हा शब्द जबानीत नको. निर्वासितांबद्दलच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत या पाचच कारणांवरून होणारा छळ बसतो, आणि समुद्र कुणाची जात-धर्म बघून घरात शिरत नाही. किरिबाटीच्या इओआने तेइतिओता यांचा दावा इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१५मध्ये फेटाळला गेला, त्यांना परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय २०२०त बाहेर आला, तोही त्यांच्या विरोधातच. पण हवामानबदलामुळे जिवाला खरा धोका असेल, तर माणसाला परत धाडता येणार नाही अशी वेळ येऊ शकते, हे समितीने मान्य केलं. आपण धरायचा धागा तो.

मात्र धोका त्या माणसाचा स्वतःचा दिसला पाहिजे. माझ्या पहिल्या जबानीत समुद्राच्या पातळीवरच दोन पानं होती. वकीलबाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. "यांची विहीर कुठंय?" मी अलिबागकडची, खारलेल्या विहिरीचं पाणी जिभेला कसं लागतं ते मला ठाऊक, तरी विचारायचं सुचलं नव्हतं! आता सुरुवातच तिथून करते. पाणी कधीपासून मचूळ? प्यायचं कुठून आणता? लेकरं आजारी पडली, त्याचा दवाखान्याचा कागद? अळूच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं, त्या वर्षी घरी काय शिजायचं? तोवर गप्प बसलेले एक काका या प्रश्नावर उठलेच, खड्डा किती खोल ते छातीला हात लावून दाखवायला. तेही लिहिलं.

इथल्या नातेवाइकांची यादी कंटाळा न करता करा. २०१४मध्ये तुवालूच्या एका कुटुंबाला राहू दिलं, त्यात नवऱ्याची आई आणि बहिणी इथे असणं, मुलं लहान असणं याला मोठं वजन होतं.

तुवालूचं कुणी असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या फालेपिली कराराची वकिलांना आठवण करा. वर्षाला २८० जणांना सोडतीतून कायम राहण्याचा व्हिसा मिळतो, छळ सिद्ध करावा लागत नाही.

जबानी दुभाष्याकडून त्यांच्या भाषेत वाचून घ्या, मगच सही.