आयपॅडवर गिटार रेकॉर्ड करायची आहे? इंटरफेसपासून सुरुवात करा

आयपॅडच्या स्वतःच्या माइकवर गिटार रेकॉर्ड केली की गिटारसोबत पंखा, खालून जाणारी रिक्षा आणि कुकरची शिट्टीही गाण्यात येते. इलेक्ट्रिक किंवा पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असलेली अकॉस्टिक गिटार असेल तर हे सगळं टाळता येतं. हातात मावणारा ऑडिओ इंटरफेस मधे लावला की तारांचा सिग्नल थेट आयपॅडमध्ये उतरतो आणि खोलीतला गोंगाट बाहेरच राहतो. मात्र रेकॉर्डिंग चांगलं होईल की नाही, हे नंतर लावलेल्या इफेक्टपेक्षा इंटरफेसवरच्या दोन गोष्टींवर जास्त ठरतं: गिटार कोणत्या इनपुटला लावली आणि गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ते, किती ठेवला. म्हणून या लेखात त्यांनाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

सामान

आयपॅड, त्यावर मोफत मिळणारं रेकॉर्डिंगचं ॲप गॅरेजबँड, इंटरफेस, दोन्ही टोकांना 6.35 मिमीचा जॅक असलेली गिटारची केबल आणि वायरचे हेडफोन एवढं पुरतं. इंटरफेस घेताना तो 'क्लास कम्प्लायंट' आहे का, हे विचारा. तसा असेल तर आयपॅडवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. फोकसराइटचा स्कारलेट सोलो किंवा आयके मल्टिमीडियाचा आयरिग एचडी 2 आयपॅडवर चालतात. पुढे कधी माइकही लावायचा असेल तर सोलोसारखा, माइकची वेगळी जागा असलेला इंटरफेस घेतलेला बरा.

जोडणी

आयपॅड प्रोला 2018 पासून आणि साध्या आयपॅडला 2022 च्या दहाव्या पिढीपासून यूएसबी-सी पोर्ट आहे. तिथे केबल सरळ लावायची, फक्त ती डेटाही नेणारी हवी. काही स्वस्त केबल निव्वळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांनी इंटरफेस दिसतच नाही. जुन्या लायटनिंग आयपॅडला ॲपलचा लायटनिंग टू यूएसबी 3 कॅमेरा ॲडॉप्टर घ्या. त्याला चार्जरची पिन लावायची जागा असते. ती इथे उपयोगी पडते, कारण इंटरफेसला लागणारी वीज एकटा आयपॅड पुरवू शकला नाही तर स्क्रीनवर तसा संदेश येतो आणि जोडणी होत नाही.

चार्जर लावल्यावर गिटारमध्ये बारीक घरघर आली तर ती बहुधा विजेच्या लाइनमधून येते. चार्जर काढा आणि त्याऐवजी पॉवरबँक लावून पाहा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार ट्यूबलाइट, मॉनिटर आणि चार्जर यांच्याजवळची गुणगुणही पकडते. अशा वेळी जागेवरच थोडं वळून बसा. गिटारची दिशा बदलली की ती बरीच कमी होते.

इनपुट

गिटारचं साधं पिकअप फार नाजूक सिग्नल देतं. त्याला सुमारे 1 मेगाओम इम्पीडन्सचं (सिग्नलला होणाऱ्या विद्युत अडथळ्याचं) इनपुट लागतं. इंटरफेसवर त्यासाठी 'इन्स्ट्रुमेंट', 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' असं बटण किंवा खूण असते. तेच जॅक लाइन इनपुट (कीबोर्डसारख्या मोठ्या सिग्नलसाठीचं) म्हणून वापरलं तर इम्पीडन्स कितीतरी कमी पडतो, पिकअपवर भार येतो आणि वरचे सूर मंदावतात. गिटारवर घोंगडं टाकल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि माणूस ॲपमध्ये ट्रेबल वाढवत बसतो. ट्रेबल कितीही वाढवली तरी गेलेला चकाकपणा परत येत नाही. म्हणून वाजवण्याआधी हे बटण चालू आहे ना, हे बघा. 48 व्होल्टचं बटण मात्र बंद ठेवा, ते कंडेन्सर माइकसाठी असतं.

गिटारमध्ये 9 व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) असेल आणि गेन शून्यावर असतानाही लाल दिवा लागत असेल, तरच लाइन इनपुट वापरा.

गेन

गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मग गाण्यातला सर्वांत जोरकस भाग, म्हणजे कोरसमधलं स्ट्रमिंग किंवा सोलोमधला टोकाचा बेंड, अगदी जोर लावून वाजवा. अलगद छेडून गेन लावू नका, कारण रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर हात आपोआप जड होतो. या जोरकस भागातही इंटरफेसचा दिवा हिरवा राहिला पाहिजे. क्वचित पिवळा झाला तर चालेल, लाल कधीच नाही. डेसिबल दाखवणारा मीटर असेल तर सर्वांत उंच टोकं उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान येऊ द्या.

लाल दिव्याला इतकं जपायचं कारण असं की शून्याच्या वर गेलेला डिजिटल सिग्नल कापला जातो आणि त्याची कडकड नंतर निघत नाही. उलट बाजूला भरपूर सवलत आहे. गॅरेजबँडच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डखाली 24 बिटचा पर्याय आहे, तो चालू करा. मग पातळी थोडी कमी राहिली तरी नंतर वाढवता येते. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण 8 एमबी जागा लागते. पिकअप बदललं की गेन पुन्हा तपासा, हंबकरचा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा) सिग्नल सिंगल कॉइलपेक्षा बराच मोठा असतो.

गॅरेजबँडमध्ये

आयपॅड एअरप्लेन मोडवर टाका. मग नवं गाणं उघडून 'ॲम्प' निवडा. वरच्या जॅकच्या चिन्हावर बोट ठेवलं की इनपुटची सेटिंग्ज येतात. गिटार ज्या इनपुटमध्ये आहे त्याचाच चॅनेल तिथे निवडा. इंटरफेसवर दिवा लागतोय पण ॲपमध्ये सामसूम, असं झालं तर पहिला संशय याच चॅनेलवर घ्या. मग ॲपमधलं मॉनिटर चालू करा, म्हणजे वाजवताना ॲपमधून आलेला आवाज ऐकू येईल. ॲम्पमधून आवाज ऐकायचा असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (ॲपमध्ये न जाता सरळ हेडफोनमध्ये येणारा आवाज) बंद ठेवा. दोन्ही चालू राहिले तर तोच सूर दोनदा, किंचित पुढेमागे ऐकू येतो.

ब्लूटूथ हेडफोन इथे चालत नाहीत. 44.1 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे आयपॅड एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सुमारे 3 मिलिसेकंदांचा असतो. येण्याजाण्याचा वेळ धरूनही वायरवरचा उशीर सहसा बोटांना जाणवत नाही. ब्लूटूथचा उशीर मात्र सहज 100 मिलिसेकंदांपुढे जातो. 120 च्या टेम्पोला मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा होतो, यावरून लय किती घसरेल ते कळेल.

टेम्पो आधी ठरवा, मेट्रोनोम आणि काउंट-इन (रेकॉर्डिंगआधीची मोजणी) चालू करा आणि ॲम्पमधल्या ट्यूनरवर तारा जुळवा. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, एसीच्या खोलीत सुकतं. म्हणून गिटार खोलीत आणल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि मग तारा लावा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना अडवते. नव्या गाण्यातला विभाग 8 बारचाच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) असतो, त्यामुळे रेकॉर्डिंग नवव्या बारला पुढे जात नाही. ट्रॅकच्या पानावर उजवीकडे वर अधिकचं चिन्ह आहे. तिथे विभागाची लांबी 'ऑटोमॅटिक' करा.

आता वाजवा. ॲम्पचा आवाज मनासारखा जमला नाही म्हणून थांबू नका. गॅरेजबँड गिटारचा कोरा सिग्नल साठवतं, त्यामुळे ॲम्प आणि पेडल नंतर हवे तितक्या वेळा बदलता येतात. वेळ हातातल्या लयीवर खर्च करा. नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट) अगदी थोडा ठेवा, जास्त वाढवला की लांबत जाणाऱ्या सुराचं शेपूट तुटतं.

पिकअप नसेल तर

साध्या अकॉस्टिकला कंडेन्सर माइक लावा, 48 व्होल्ट चालू करा आणि माइकचं तोंड बाराव्या फ्रेटकडे, 20 ते 30 सेंटीमीटरवर ठेवा. साउंडहोलसमोर ठेवला तर खर्ज घुमतो. इथे ॲम्पऐवजी 'ऑडिओ रेकॉर्डर' निवडायचा आणि पंखा बंद करावाच लागतो.

अँड्रॉइड टॅबलेटवर पद्धत हीच, पण ॲप नीट निवडावं लागतं. ऑडिओ इव्होल्युशन मोबाइलला स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आहे, तिथून सुरुवात करा.

गाणं बाहेर काढताना 'अनकंप्रेस्ड' निवडा. मित्राला बास वाजवायला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फाइलच्या नावातच टेम्पो आणि पट्टी लिहा.