मंगळावर सेंद्रिय रेणू सापडल्याचे वृत्त कसे पारखावे

मंगळावरील एखाद्या खडकात सेंद्रिय रेणू सापडल्याचे वाचले की आपण आधी त्या खडकाचे वय पाहतो. वास्तविक, तो खडक उघड्यावर किती काळ होता, हे त्याआधी विचारावे. (सेंद्रिय म्हणजे सजीवांनीच घडवलेले असे नव्हे, रसायनशास्त्रात हा शब्द कार्बनच्या संयुगांसाठी वापरतात, आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले आढळली आहेत.)

मंगळाचे वातावरण विरळ आहे आणि संपूर्ण ग्रहाला कवेत घेणारे चुंबकीय क्षेत्र आता उरलेले नाही. अतिनील किरणांना धुळीचा पातळ थरही अडवतो, वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, मात्र एक-दोन मीटर खोल शिरतात. प्रयोगशाळेत हा मारा करून पाहिला असता, वरच्या दहा सेंटिमीटरमधील सुटी अमिनो आम्ले सुमारे दोन कोटी वर्षांतच नष्ट होतील, आणि परक्लोरेट (क्लोरीन व ऑक्सिजन असलेले क्षार) व पाणी सोबत असल्यास त्याहूनही लवकर, असा निष्कर्ष निघाला. म्हणून रोझालिंड फ्रँकलिन या युरोपीय रोव्हरचे ड्रिल दोन मीटर खोल जाईल असे बनवले आहे. उलट, नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने २०१३ मध्ये मंगळावरील गेल विवरात ज्या कंबरलँड नावाच्या पंकाश्मात (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) ड्रिल केले, तो गाळ अब्जावधी वर्षांपूर्वी साचला असला, तरी वाऱ्याने वरचे थर झिजवून तो पृष्ठभागाशी येऊन सुमारे आठ कोटी वर्षेच झाली आहेत. वैश्विक किरणांमुळे खडकात तयार झालेले हेलियम, निऑन आणि अरगॉनचे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजून हा काळ काढला गेला.

त्यानंतर रेणूचा प्रकार पाहावा, कारण सगळेच रेणू सुट्या अमिनो आम्लांइतक्या लवकर नष्ट होत नाहीत. डीएनए फार नाजूक असतो; पृथ्वीवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या जमिनीतला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. मेद, म्हणजे चरबी-तेलांसारखे रेणू, अधिक चिवट असतात: त्यांची ऑक्सिजनयुक्त टोके गळून पडतात, पण कार्बनचा सांगाडा अब्जाहून अधिक वर्षे टिकू शकतो, विशेषतः चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकल्यास. अडचण अशी की रेणू जितका झिजतो, तितकी त्याच्या उगमाची खूणही पुसट होत जाते.

मोजमाप कसे केले, हेही तपासावे. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळावरची माती तापवली तेव्हा क्लोरीनयुक्त साधी संयुगे मिळाली आणि ती पृथ्वीवरून गेलेल्या द्रावकांची मानली गेली. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट सापडल्यावर त्या निकालाकडे नव्याने पाहावे लागले, कारण तापवल्यावर परक्लोरेटमधून ऑक्सिजन व क्लोरीन सुटतात आणि जे शोधायचे तेच जाळून टाकतात.

शेवटी, सुटा रेणू न पाहता संपूर्ण मालिका पाहावी. सजीव मेदाम्ले दोन-दोन कार्बन जोडून घडवतात, त्यामुळे त्यांत सम संख्येच्या साखळ्या अधिक असतात. जीवविरहित प्रक्रियांत अशी आवडनिवड सहसा दिसत नाही. कंबरलँडच्या नमुन्यात डेकेन, अनडेकेन आणि डोडेकेन, म्हणजे दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळ्या, मिळाल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या मेदाम्लांचे अवशेष असू शकतात, पण तीनच दुव्यांवरून सम-विषम कल ठरवता येत नाही. त्यासाठी लागणाऱ्या लांब साखळ्या टिपण्यासाठी क्युरिऑसिटीवरील उपकरण मुळात घडवलेलेच नाही.