लग्नाचा हॉल आणि फोटोग्राफर ठरवताना या चुका टाळा (खानदेशातलं ऊन धरून)

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं, जळगावजवळ हायवेला लागून एक लॉन आहे तिथे. मुहूर्त दुपारी 12:35 चा. आणि आम्ही लॉन बघायला गेलो होतो कधी, तर डिसेंबरात संध्याकाळी सातला, झुंबरं पेटलेली, गार वारा सुटलेला, मालकाने चहा पाजला आणि काकांनी तिथल्या तिथे बयाणा काढून दिला. लग्नाच्या दिवशी पारा 44 वर, डोक्यावर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव आणि त्या कापडातून गाळून आलेलं ऊन थेट नवरा-नवरीच्या तोंडावर. अल्बम आला तेव्हा मावशीने दोन पानं उलटली आणि म्हणाली, "आसं कसं व्हयनं वं माय, पोरनी हळद उतरनीच नही का?"

फोटोग्राफर चांगला होता बरं का. लॉनही वाईट नव्हतं. फक्त त्या दोघांची पहिली भेट लग्नाच्या दिवशी झाली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. हॉल काका ठरवतात, फोटोग्राफर पोरं इन्स्टावर ठरवतात, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

हॉल भलत्याच वेळेला बघणं

तुमचा मुहूर्त ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला हॉल बघायला जा. दुपारचं लग्न असेल तर दुपारी साडेबारालाच जा, घाम आला तर येऊ दे. स्टेज जिथे असणार तिथे कोणालातरी उभं करा आणि मोबाईलने चेहऱ्याचा एक फोटो काढा. चेहरा लाल, हिरवा, पिवळा दिसला तर कापडाचा रंग खाली उतरतोय असं समजायचं, मग मालकाला सांगायचं की स्टेजवर पांढरं नाहीतर ऑफव्हाइट कापड पाहिजे. बहुतेक मालक करून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. स्टेजच्या मागे मोठी खिडकी किंवा उघडं मैदान असेल तर उजेड पाठीमागून येतो आणि तोंडं काळी पडतात. बंद हॉलमध्ये वेगळीच तऱ्हा, तिथे डेकोरेशनवाला जांभळे-निळे लाईट फिरवत बसतो, ते डान्सला ठीक आहेत पण सप्तपदीला नवरी निळी दिसते. विधी चालू असताना साधा पांढरा लाईट, एवढं एक वाक्य डेकोरेशनवाल्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

कूलरचं पण बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून डेझर्ट कूलर मस्त गार करतो, पण पाणी संपलं की तोच कूलर गरम फुंकर मारतो, तेव्हा पाणी कोण भरणार ते विचारा. दुसरं म्हणजे आवाज. आमच्या व्हिडिओत मंगलाष्टकं कमी आणि घरघर जास्त आहे. गुरुजींच्या उपरण्याला छोटा कॉलर माईक लावला की काम होतं, किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ रेकॉर्डिंग घ्यायचं.

आणि मे संपता संपता लॉनवर लग्न असेल तर वादळाचा विचार करून ठेवा. रावेर-यावलकडे एका वाऱ्यात केळीचे बाग आडवे होतात, तिथे मांडवाच्या कापडाची काय कथा. आत पंगत बसवता येईल असा निदान एक पक्का हॉल त्याच जागेत पाहिजेच.

"सगळं धरून सांगतो भाऊ"

हे वाक्य ऐकलं की वही काढायची. सगळं म्हणजे काय काय ते एकेक लिहून घ्या. आदल्या दिवशी हळदीला चावी किती वाजता मिळणार, वीज मीटरच्या युनिटवर की भाड्यात, जनरेटरचं डिझेल कोणाचं, साफसफाई वेगळी का, जानोशाच्या खोल्या किती आणि त्यात पाणी येतं का. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, पक्कं बिल घेणार असाल तर तो आकडा आधीच धरा, शेवटच्या दिवशी भांडण नको.

आचारी आपला चालेल का, हा प्रश्न तर खानदेशात पहिला विचारायचा. वरण-बट्टीला मोठ्या कढया, भट्टी लागते. आणि भरीत करायचं असेल तर वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजायची ना, मग हॉलवाला पऱ्हाट्या पेटवू देणार का आणि धूर कुठे जाणार ते बघा. आमच्याकडे तो स्टेजकडे आला, वरमाय डोळे पुसतेय असे फोटो आहेत, लोकांना वाटतं भावूक झाली.

पार्किंग, संडास, हायवेवर गाडी वळवायची सोय, हे तर बघालच. रात्रीचं लग्न असेल तर एक लक्षात ठेवा, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. लोक गोरज मुहूर्त धरतात आणि वरात दारात साडेआठला पोचवतात, मग डीजे बंद करायला पोलीस आले की जावई रुसून बसतात.

फोटोग्राफर रीलवरून ठरवणं

एका मिनिटाच्या रीलमध्ये कोणीही भारी दिसतं. त्याला म्हणा, एका लग्नाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा अल्बम दाखव, तोही दुपारच्या लग्नाचा, आपल्याच भागातल्या लॉनवरचा. डोंगरातलं प्री-वेडिंग बघून काही कळत नाही. मग विचारा, तू स्वतः येणार का? दाट तारखेला एकच स्टुडिओ चार-चार ठिकाणी टीम पाठवतो, बोलणं एकाशी होतं आणि येतात दोन नवीन पोरं. कोण येणार त्याचं नाव पावतीवर पाहिजे, आणि किती वाजेपर्यंत थांबणार तेही, कारण नवरदेव नाचत नाचत दोन तास उशिरा येणार हे ठरलेलंच.

वरपक्षाचा वेगळा आणि वधूपक्षाचा वेगळा फोटोग्राफर असेल तर दोघांची आधी गाठ घालून द्या. नाहीतर अंतरपाट खाली जातो त्या क्षणाला दोघं एकमेकांच्या समोर, मधे मोबाईल धरून एक मामा, आणि फोटो कोणाकडेच नाही.

अल्बमच्या भावात पान आणि शीट यात गंमत असते. 40 पानी अल्बम म्हणजे 20 शीट, नंतर "मी शीट म्हटलो होतो", "मी पान समजलो" होतं. तसंच ओरिजिनल डेटा मिळणार का ते विचारा. 4000 रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाईली) म्हणजे साधारण 100 जीबी होतात, व्हिडिओ वेगळा, तेव्हा हार्ड डिस्क तुम्हीच विकत घेऊन द्या आणि डेटा हातात आल्यावरच शेवटचा हप्ता. व्हॉट्सॲपवर फोटो मागू नका, तिथे ते बारीक होऊन येतात.

आपल्या पोरीचे फोटो त्याच्या पेजवर टाकायचे की नाही हे तुम्ही ठरवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक पैसे देणाराच असतो. म्हणून करारात बारीक अक्षरात उलटं लिहिलंय का ते वाचा. ड्रोन पाहिजे असेल तर त्यालाच डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघायला लावा, विमानतळाजवळच्या लॉनवर परवानगीशिवाय उडवता येत नाही.

आता सगळं होऊन बसलंय, मग?

बुकिंग झालं असेल आणि लग्न बाकी असेल तर फोटोग्राफरला फक्त एकदा दुपारी लॉनवर घेऊन जा, अर्धा तास पुरतो. फोटो लाल आले असतील तर जेपीजीवर मारामारी करू नका, रॉ फाईल मागा, त्यातून रंग बराच सुधारतो. वरून लाल आणि बाजूने पांढरा उजेड असेल तर मात्र पूर्ण जात नाही, असे चार-पाच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकायचे. कार्डातून फोटो उडाले म्हणाला तर पहिलं वाक्य हे, की त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नको, फॉरमॅट करू नको, रिकव्हरीवाल्याकडे दे. पैसे घेऊन कामच केलं नाही तर पावती घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाईनला फोन लावा. पावती मात्र लागते.

आणि हो, लग्नाच्या नोंदणीला लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते, म्हणून हार घालतानाचे दोन फोटो त्याच आठवड्यात छापून मागा, अल्बमची वाट बघू नका. आमच्या जावईबापूंनी घाईघाईत हातात आला तो दिला. सरकारी फाईलमध्ये आता दोघंही कायमचे लाल.