टीमचं व्हिजन ठरवताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही ऑफिसात शिरा. रिसेप्शनच्या मागे ॲक्रिलिकच्या अक्षरांत एक वाक्य चिकटवलेलं असतं: गुणवत्ता, ग्राहकसमाधान, अग्रेसर वगैरे. तिथे बसणारीची त्या भिंतीकडे दिवसभर पाठ असते. बाकीच्या स्टाफचीही असते, फक्त त्यांच्या खुर्च्या दुसरीकडे आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शब्दांना माना डोलल्या की काम झालं असं समजणं. कंट्रोल पॅनल बनवणारं सतरा-अठरा जणांचं एक युनिट घ्या. मीटिंगमध्ये वाक्य ठरलं, ‘प्रत्येक ऑर्डर वेळेत.’ टाळ्या झाल्या, समोसे आले. तिसऱ्या महिन्यात ग्राहकाने उशिराचा दंड बिलातून कापला आणि सगळे आपापली रजिस्टरं घेऊन बसले. प्रॉडक्शनच्या हिशेबाने पॅनल टेस्टिंगला दिलं की वेळ पाळली. डिस्पॅचच्या हिशेबाने गाडी गेटबाहेर पडली आणि एलआर (ट्रान्सपोर्टरची माल मिळाल्याची पावती) हातात आली की झालं. सेल्सने ग्राहकाला सांगितलेली तारीख मात्र माल साइटवर उतरण्याची होती. पॅनल ३० तारखेला गेटबाहेर गेलं आणि पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालासह गाडी, भरेपर्यंत भिवंडीत ट्रान्सपोर्टरच्या गोदामात दोन दिवस पडून राहिलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. तिन्ही रजिस्टरांत ‘वेळेत’ असंच लिहिलेलं होतं.

यावर उतारा एकच. वाक्यातला प्रत्येक भारदस्त शब्द उचला आणि विचारा, हा कुठल्या कागदाच्या कुठल्या रकान्यात दिसणार? ‘वेळेत’ म्हणजे पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) ग्राहकाची सही पडल्याची तारीख, एवढं नक्की झालं की बाकीचं आपोआप हलतं. ट्रान्सपोर्टरला चार दिवस आधी फोन जातो, ड्रॉइंगला मंजुरी कधीपर्यंत हवी ते ग्राहकाला ऑर्डर घेतानाच सांगितलं जातं, आणि सेल्सवाले फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणण्याआधी फ्लोअरवर येऊन विचारतात. ज्या शब्दाला रकाना सापडत नाही तो खोडायचा. ‘अग्रेसर’ हमखास खोडला जातो.

दुसरी चूक साहेबांची. साहेब पहिल्या मिनिटाला आपलं मत सांगतात आणि मग म्हणतात, ‘आता मोकळेपणाने बोला.’ मग कोण बोलणार? पाच-सात जणांचा गट करा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि प्रश्न एकच ठेवा: दोन वर्षांनी सोमवारी सकाळी कामावर आलात तर आजच्यापेक्षा वेगळं काय दिसायला हवं? दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. नाव न घालता लिहायचं. मराठीत, हिंदीत, जसं जमेल तसं. चिठ्ठ्या एकत्र मिसळून तिसऱ्याच माणसाने वाचायच्या. साहेबांची पाळी शेवटी. स्टोअरमधला माणूस ‘रॅकवर लेबल असेल, वायर शोधायला अर्धा तास जाणार नाही’ असं लिहितो, आणि पुढच्या दोन वर्षांचं निम्मं काम त्या ओळीत असतं. ती ओळ इंग्रजीत घालून गुळगुळीत करू नका.

दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये आठवडा. एका बसणीत उरकायची घाई करणारे बरेच भेटतात. त्यांना व्हिजन नको असतं, फोटो हवा असतो. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ठरलेलं व्हिजन बस ऐरोलीला पोचेपर्यंत टिकलं तरी खूप. चॅटजीपीटीकडून वाक्य लिहून घेतलं तर भाषा छान येते, पण भांडण होत नाही. आणि आठवडाभराची ती भांडणंच तर हवी असतात.

शनिवारी संध्याकाळी मीटिंग लावू नका. सगळ्यांचं लक्ष घरी जायच्या ट्रान्सहार्बर लोकलकडे असतं.

नाइट शिफ्ट आणि कॉन्ट्रॅक्टवरची माणसं वगळू नका. माल शेवटी त्यांच्याच हातातून जातो.

वाक्य वीस-पंचवीस शब्दांपलीकडे नको.

आता नेतृत्वाची चूक. नवी मुंबईत राहणाऱ्यांना ती रोजच्या प्रवासात दिसते. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या इकडे येतील आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे येतील, असा होरा होता. घाऊक बाजार वाशीला आले, मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिलं आणि तिकडे नरिमन पॉइंटला ऑफिसांचे टॉवर चढत गेले. मग खासगी कंपन्यांनी तरी घाई का करावी? टीमचंही तसंच असतं. ‘क्यूसीची (गुणवत्ता तपासणाऱ्यांची) सही नसेल तर माल हलणार नाही’ असं ठरतं, आणि महिनाअखेरीला बिलिंगचा आकडा गाठायला साहेबच ‘जाऊ दे, नंतर बघू’ म्हणतात. पुढच्या महिन्यात सुपरवायझरही तेच म्हणतो. तेव्हा वाक्य पक्कं करण्याआधी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगावं, यासाठी मी स्वतः काय सोडणार. सोडण्यासारखं काही सापडत नसेल तर वाक्य अजून कच्चं आहे.

पक्कं झालं की नाही ते असं तपासा. गेल्या दोन महिन्यांत ज्यांवर वाद झाला असे तीन प्रसंग काढा: अर्जंट ऑर्डर मध्ये घुसवायची का, स्वस्त कॉन्टॅक्टर (पॅनलमधला विजेचा स्विच) वापरायचा का, सुट्टीच्या दिवशी साइटवर माणूस पाठवायचा का. दोन विभागांतल्या दोघांना वेगवेगळं बसवून फक्त त्या वाक्याच्या आधारे उत्तर मागा. तिन्ही उत्तरं जुळली तर वाक्य लावा. दोन जुळली तर तिसऱ्यावर परत बसा. एकच जुळलं तर पुन्हा चिठ्ठ्या.

आणि लावायचंच तर रिसेप्शनमागे नको. डिस्पॅचच्या टेबलासमोर ए-४ कागदावर मोठ्या अक्षरांत, खाली तारीख घालून लावा. तीन महिन्यांनी काढून पुन्हा अर्धा तास बसायचंय, त्यामुळे लॅमिनेशन करू नका.